आगरकर आणि शिक्षकांची संस्था

गोपाळ गणेश आगरकर हे नाव उच्चारले की ‘सुधारक’ पत्र, बालविवाह व केशवपन यांविरुद्धचा लढा आणि जिवंतपणी विरोधकांनी काढलेली प्रेतयात्रा एवढ्या गोष्टी मराठी माणसाला आठवतात. परंतु हा लढवय्या लेखक १८८१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, पेशाने शिक्षक होता, याचा विसर पडतो. एका शिक्षणसंस्थेच्या कारभारात सहकाऱ्यांच्या बरोबरीने बसून मत देणे, विरोध पत्करणे आणि झालेल्या निर्णयाचा भार वाहणे हे त्यांच्या आयुष्याचे रोजचे काम होते. शिक्षणक्षेत्रातील प्रत्येक बदल हल्ली वरून परिपत्रकाच्या रूपाने उतरतो. अशा वेळी आगरकरांच्या चरित्राची ही बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी इतकी, की विद्येसाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तेथे बाळ गंगाधर टिळकांशी स्नेह जडला आणि देशोन्नतीसाठी शिक्षणाचे कार्य हाती घ्यावयाचे, असा दोघांचा निश्चय झाला. एम. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. ती सोडून पोटापुरत्या पैशांवर संतोष मानण्याचा संकल्प आगरकरांनी पत्र लिहून आईला कळविला. मुलाच्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या त्या माउलीला ते पत्र वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. परीक्षा आटोपून आगरकर तेथे रुजू झाले. १८८१ च्या आरंभी निघालेल्या ‘केसरी’चे संपादकत्वही त्यांच्याकडेच आले. कोल्हापूर प्रकरणातील लेखनाबद्दल १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्याच वर्षी चिपळूणकर निवर्तले. तरीही शाळा वाढत गेली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. वामन शिवराम आपटे त्याचे पहिले प्राचार्य झाले.

या संस्थेचे वैशिष्ट्य तिच्या घटनेत होते. सरकारी कॉलेजांतील प्राध्यापक शिक्षणखात्याच्या हुकमाने येत आणि हुकमानेच जात. मिशनरी कॉलेजांचे धोरण त्यांची मंडळे ठरवीत. पुण्यातील या संस्थेत मात्र वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करणारे शिक्षक आजीव सभासद होत आणि अंतर्गत कारभार त्यांच्याच मंडळाच्या हाती असे. शिकवणारा तोच चालक, अशी ही योजना होती. निर्णय चुकला तर खापर फोडायला दुसरे डोके उपलब्ध नव्हते.

अशा कारभाराची किंमतही मोजावी लागली. वेतन किती असावे आणि सभासदांनी बाहेरची कामे करावीत की नाही, यावरून मंडळात तट पडले. संस्थेला सर्वस्व वाहण्याचे व्रत घेतलेल्यांनी अल्प वेतनात राहावे व अन्य व्यवसायात पडू नये, असा टिळकांचा आग्रह होता. कुटुंबवत्सल शिक्षकाला कायमच्या ओढगस्तीत ठेवून संस्था टिकणार नाही, आणि विहित काम चोख केल्यावर उरलेल्या वेळावर संस्थेने हक्क सांगू नये, असा आगरकरांचा पक्ष होता. सामाजिक सुधारणेवरील मतभेदांनी या वादाला धार आणली. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याचे निमित्त होऊन १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला.

टिळकांच्या जाण्याने संस्थेचे नुकसान झाले, हे मान्यच करावे लागेल. बहुमताने सत्य सिद्ध होत नाही, आणि टिळकांच्या म्हणण्यातील नैतिक बळही नाकारता येणार नाही. पण हा कलह कोणा बाहेरच्या अधिकाऱ्याने मिटविला नाही. शिक्षकांनीच तो मांडला, लढविला आणि निकालात काढला. म्हणूनच त्यानंतर संस्था कोसळली नाही.

१८९१ मध्ये टिळकांच्या जागी गणित शिकविण्यास धोंडो केशव कर्वे आले. १८९२ मध्ये आपटे वारल्यावर आगरकर प्राचार्य झाले. पुढच्याच वर्षी कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. सनातनी समाजाने त्यांना वाळीत टाकले, पण कॉलेजातील त्यांचे स्थान ढळले नाही. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवीत राहिले आणि तेथूनच त्यांनी स्त्रीशिक्षणाचे कार्य उभारले. आगरकरांना मात्र उसंत मिळाली नाही. दम्याने जर्जर झालेला तो देह १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच पडला.

त्या घटनेत उणीव नव्हती असे नाही. मताचा अधिकार आजीव सभासदांपुरताच होता. कचेरीतील कारकुनाला, प्रयोगशाळेतील नोकराला, तात्पुरत्या शिक्षकाला कोणी विचारीत नसे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने ती उणीव काही अंशी भरून काढली. महाविद्यालय विकास समितीवर तीन निर्वाचित शिक्षकांबरोबर एका निर्वाचित शिक्षकेतर कर्मचाऱ्यालाही त्याने स्थान दिले.

परंतु स्थान मिळणे वेगळे आणि मत विचारले जाणे वेगळे. स्वायत्तता, नवा अभ्यासक्रम, नव्या परीक्षापद्धती यांचे निर्णय आधीच पक्के करून बैठकीत केवळ मंजुरीसाठी मांडले, तर सभासद माना डोलावतील आणि वर्गात किंवा कचेरीत परतल्यावर जुनेच गाडे ओढतील. ज्याला निर्णयाच्या वेळी नाही म्हणता येते, तोच पुढे निर्णयाचा भार खांद्यावर घेतो. आगरकरांच्या पिढीने भांडून, माणसे गमावून का होईना, संस्था आपली मानली. संस्थेत बदल घडवू पाहणाऱ्या चालकांनी तेथे काम करणाऱ्यांचा विरोध ऐकण्याची तयारी प्रथम ठेवली पाहिजे. ती नसेल, तर परिपत्रके निघत राहतील आणि कॉलेजे होती तशीच राहतील.