रॉबर्ट कॉख : ज्यांनी टीबीचा जंतू दाखवला, आणि पोटातला टीबी शोधणारी आजची टेस्ट

दवाखान्याच्या फाईलवर 'कॉक्स' असा शब्द तुम्ही कधी बघितलाय का? आपल्याकडे बरेच डॉक्टर पेशंटसमोर टीबी म्हणायचं टाळतात आणि कागदावर कॉक्स लिहितात. पोटाचा टीबी असेल तर ॲबडॉमिनल कॉक्स. घरचे लोक बिचारे गुगलवर हे औषध कुठे मिळतं ते शोधत बसतात. पण हे औषध नाही, एका माणसाचं आडनाव आहे : रॉबर्ट कॉख. आज मी तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. ती नीट कळली की मॉलिक्युलर टेस्ट म्हणजे काय, हेही सहज कळेल.

गावातला सरकारी डॉक्टर

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावात झाला. वडील खाणीतच नोकरीला होते. ग्योटिंगेन विद्यापीठातून १८६६ साली ते डॉक्टर झाले आणि १८७२ मध्ये वोलस्टाइन नावाच्या छोट्या गावात सरकारी डॉक्टर म्हणून लागले. हे गाव आता पोलंडमध्ये आहे.

तिथे ना मोठी लॅब, ना लायब्ररी. दिवसभर पेशंट तपासायचे आणि उरलेल्या वेळात घरातच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. आजूबाजूची जनावरं अँथ्रॅक्सने (काळपुळीने) मरत होती. कॉख यांनी त्या जंतूचं पूर्ण जीवनचक्र शोधलं आणि १८७६ मध्ये दाखवून दिलं की एक ठरावीक जंतू एक ठरावीक रोग करतो. त्या काळी ही गोष्ट सगळ्यांना पटलेली नव्हती.

२४ मार्च १८८२ ची संध्याकाळ

१८८० मध्ये त्यांना बर्लिनला बोलावणं आलं. आता चांगली लॅब मिळाली आणि त्यांनी टीबीचा विषय हातात घेतला. त्या वेळी दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू टीबीने होतो असा हिशोब होता. रोग अनुवांशिक आहे असंही अनेकांना वाटायचं.

अडचण अशी होती की टीबीच्या जंतूवर मेणासारखं जाड आवरण असतं, त्यामुळे साधा रंग त्याच्यावर चढत नाही. रंग नाही म्हणजे मायक्रोस्कोपखाली जंतू दिसणारच नाही. कॉख यांनी मिथिलीन ब्लू रंगात अल्कली मिसळून नमुने २४ तास ठेवले, मग मागची बाजू तपकिरी रंगाने रंगवली. तेव्हा कुठे बारीक निळ्या काड्या दिसल्या.

दुसरी अडचण वेळेची. हा जंतू फार सावकाश वाढतो. बाकीचे जंतू एका दिवसात दिसू लागतात, याला काही आठवडे लागतात. कॉख यांनी रक्तातला द्रव घट्ट करून त्यावर जंतू वाढवले, ते गिनीपिगला टोचले, त्यांना टीबी झाल्यावर त्यांच्या शरीरातून तोच जंतू पुन्हा बाहेर काढला. हा सगळा पुरावा त्यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये शास्त्रज्ञांसमोर मांडला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन.

पुढे १८८३-८४ मध्ये कॉलराचा शोध घेत ते इजिप्तमार्गे कलकत्त्याला आले, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत जर्मन पथकासोबत मुंबईतही येऊन गेले.

मोठा माणूस, मोठ्या चुका

मला कॉख यांच्या आयुष्यातला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८९० मध्ये त्यांनी टीबीवर उपाय सापडल्याचं जाहीर केलं. औषधाचं नाव ट्यूबरक्युलिन. त्यात काय आहे हे त्यांनी आधी गुप्त ठेवलं. हजारो रुग्ण आशेने बर्लिनला धावले. औषध चाललं नाही, काही रुग्ण तर त्यानेच दगावले. पण हाच पदार्थ पुढे निदानासाठी कामाला आला. आजही हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात ना, ती मॉन्टू टेस्ट त्याच्याच सुधारित रूपावर चालते.

दुसरी चूक थेट आपल्या विषयाची आहे. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत कॉख म्हणाले की गाईंच्या टीबीपासून माणसाला फारसा धोका नाही. त्यांचा मुद्दा असा : दुधातून टीबी होत असता तर आतड्यापासून सुरू होणारा टीबी खूप मुलांमध्ये दिसला असता, आणि तो तर क्वचितच दिसतो. ब्रिटिश सरकारने यावर आयोग नेमला. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर आयोगाचा निष्कर्ष उलटा निघाला : कच्च्या दुधातून माणसाला, विशेषतः लहान मुलांना, टीबी होतो. अंतिम अहवाल १९११ मध्ये आला. कॉख यांना १९०५ मध्ये नोबेल मिळालं होतं, पण हा अहवाल बघायला ते नव्हते. २७ मे १९१० रोजी त्यांचं निधन झालं.

आतड्याचा टीबी दिसत नाही म्हणजे तो नाही, असं धरून चालल्याने किती घोटाळा होतो बघा. हीच अडचण आजही आहे.

पोटातला टीबी इतका अवघड का?

आतड्याचा टीबी बहुतेक वेळा लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे होतो. पोट दुखणं, वजन उतरणं, बारीक ताप, जुलाब. यातलं काहीही ॲसिडिटी किंवा साध्या इन्फेक्शनवर ढकलता येतं. त्यात क्रोन्स नावाचा दुसरा आजार दुर्बिणीतून जवळजवळ असाच दिसतो. त्याच्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. टीबी असताना ती दिली तर टीबी भडकतो. म्हणजे निदान चुकलं तर उपचारच उलटा पडतो.

आणि आतड्याच्या तुकड्यात जंतू फारच कमी असतात. थुंकीत मायक्रोस्कोपने जंतू दिसायला एका मिलीलिटरमध्ये साधारण १०,००० तरी लागतात. आतड्यात तेवढे सापडणं कठीण. कल्चर करायचं तर कॉख यांच्यासारखंच आठवडे थांबा.

मग मॉलिक्युलर टेस्ट काय करते?

ही टेस्ट जंतू बघत नाही, त्याचा डीएनए शोधते. फोनमध्ये हजार मेसेजमधून एक शब्द सर्च करतो ना, तसं. प्रायमर नावाचे छोटे तुकडे फक्त टीबीच्या जंतूत असलेल्या डीएनएच्या भागाला जाऊन चिकटतात. मग मशीन तो भाग कॉपी करत राहतं. प्रत्येक फेरीत दुप्पट : १० फेऱ्यांत एकाचे १,०२४, आणि ३० फेऱ्यांत १०० कोटींच्या वर. इतक्या कॉपी झाल्या की चमक पकडून मशीन सांगतं, टीबी आहे.

जीनएक्सपर्ट हे मशीन दोन तासांच्या आत रिपोर्ट देतं आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही हेही सांगतं. आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं, त्यामुळे छोट्या केंद्रातही वापरता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्यावर बराच विश्वास ठेवता येतो. आतड्याच्या बाबतीत निगेटिव्ह आला म्हणून मात्र टीबी नाहीच असं नसतं. बायोप्सी, सीटी स्कॅन, लक्षणं हे सगळं मिळून डॉक्टर ठरवतात. आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही मशीनला सापडतो, म्हणून औषधं चालू असताना बरं वाटतंय का हे या टेस्टवरून ठरवत नाहीत.

माझ्या आतेभावाचा किस्सा

त्याचं सहा महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं होतं. एका दवाखान्यात कोलोनोस्कोपी झाली, तुकडे काढले आणि सगळेच्या सगळे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले. फॉर्मॅलिन मायक्रोस्कोपसाठी चांगलं, पण त्यात जंतू मरतात, डीएनए खराब होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी मॉलिक्युलर टेस्ट आणि कल्चर सांगितलं तेव्हा पाठवायला नमुनाच उरला नव्हता. आत्याला पुन्हा पैसे जमवावे लागले, त्याला पुन्हा उपाशी राहून तीच तपासणी करावी लागली. या वेळी दोन तुकडे सलाईनमध्ये ठेवले. त्याच संध्याकाळी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि औषधं सुरू झाली.

म्हणून घरात कुणाची अशी तपासणी असेल तर आधीच विचारा : डॉक्टर, टीबीची शंका असेल तर थोडा नमुना सलाईनमध्ये ठेवणार का? विचारायला पैसे लागत नाहीत. टीबीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, कोर्स बहुतेकदा सहा महिन्यांचा असतो आणि तो मध्येच सोडायचा नसतो. आणि हो, दूध उकळूनच प्या.