विश्लेषण : गर्भवतींच्या ॲनिमियाचे कोडे मुंबईत कसे सुटले? कोण होत्या डॉ. लुसी विल्स?

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. आशा सेविका त्या घरपोच आणून देतात, न चुकता घ्यायला बजावतात. यातील फोलिक ॲसिडचा पहिला माग जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना लागला. तो काढणाऱ्या इंग्रज संशोधक डॉ. लुसी विल्स यांनी रोगाचे मूळ शोधताना बायकांच्या ताटात काय पडते, हा प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाची गरज आजही संपलेली नाही.

लुसी विल्स कोण होत्या?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड येथे झाला. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतीशास्त्र आणि भूशास्त्र या विषयांच्या परीक्षा त्यांनी १९११ पर्यंत पूर्ण केल्या. पण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. पूर्ण पदवीचा हक्क तेथील स्त्रियांना थेट १९४८ मध्ये मिळाला.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे त्यांनी काही काळ स्वयंसेवी परिचारिकेचे काम केले. मायदेशी परतल्यावर १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात अध्यापन आणि संशोधनाची वाट धरली. गर्भारपणात शरीरात होणारे बदल हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

त्या मुंबईत कशा आल्या?

बाळंतपणात आणि त्याच्या आगेमागे स्त्रियांचे मृत्यू होणे हे तेव्हाच्या भारतात नेहमीचे होते. या मृत्यूंच्या कारणांची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतली. आजच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) ही पूर्वसूरी संस्था. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांनी या कामासाठी विल्स यांना बोलावून घेतले. १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या आणि १९३३ पर्यंत त्यांचे बहुतेक काम हाफकिन संस्थेतून चालले. मधल्या काळात कुन्नूरची पाश्चर संस्था आणि मद्रास येथेही त्यांनी काम केले. हाफकिन संस्था गिरणगावातच होती. ज्यांच्या आजाराचा अभ्यास करायचा, त्या कष्टकरी स्त्रियांची वस्ती हाकेच्या अंतरावर होती.

नेमके कोडे काय होते?

गरोदर स्त्रियांमध्ये एक जीवघेणा ॲनिमिया दिसत होता. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या नेहमीच्या ॲनिमियात तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या आजारात उलटे होते. पेशींची संख्या घटलेली असे, पण त्या आकाराने मोठ्या आणि अपक्व असत. अशाच पेशी पर्निशियस ॲनिमिया या दुसऱ्या आजारातही आढळत. त्यावर प्राण्यांचे यकृत खाऊ घालण्याचा उपचार १९२६ मध्ये अमेरिकेत सापडला होता. मग मुंबईतील बायकांचा आजार हा तोच, की वेगळा? आणि तो होतो कशाने? जंतुसंसर्गाचा संशय घेतला गेला होता.

विल्स यांनी संसर्गाची शक्यता तपासली, पण तसा पुरावा मिळाला नाही. मग त्यांनी वेगवेगळ्या समाजांतील आणि आर्थिक स्तरांतील स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली. चित्र स्पष्ट होते. आजार सर्वाधिक होता तो गरीब मुस्लीम स्त्रियांमध्ये, आणि सर्वांत निकृष्ट आहारही त्यांचाच होता. भाजीपाला, फळे आणि प्रथिने त्यांच्या वाट्याला फार कमी येत. म्हणजे दोष गर्भारपणाचा नव्हता की धर्माचा. तो ताटात होता आणि ताटातली उणीव गरिबीतून आली होती.

मार्माइटचा शोधाशी काय संबंध?

हाच आहार त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांना दिला. गाभण उंदरांना ॲनिमिया झाला आणि आहारात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. या प्रयोगात एक अडचण होती. उवांमार्फत पसरणाऱ्या एका जंतूचा संसर्गही उंदरांना झाल्याचे नंतर लक्षात आले, त्यामुळे निष्कर्ष निर्विवाद राहिला नाही. मात्र रुग्णांवरील परिणामांनी उत्तर दिले. मार्माइट हा यीस्टपासून बनणारा काळपट, खारट, चिकट पदार्थ इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. बिअर उत्पादनात उरणाऱ्या यीस्टपासून तो तयार होत असल्याने यकृताच्या अर्कापेक्षा खूपच स्वस्त होता. तो दिल्यावर आजारी स्त्रियांच्या रक्तात झपाट्याने सुधारणा झाली. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे माकडांवरील प्रयोगांतही तसाच परिणाम दिसला.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. यकृताचा साधा, कच्चा अर्क या स्त्रियांना लागू पडे, पण पर्निशियस ॲनिमियावर गुणकारी ठरणारा शुद्ध केलेला अर्क लागू पडत नसे. म्हणजेच यीस्ट आणि कच्च्या यकृतात आणखी एखादा घटक होता. त्याला विल्स फॅक्टर असे नाव पडले.

फोलिक ॲसिडपर्यंतचा प्रवास कसा झाला?

१९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथील संशोधकांनी चार टन पालकातून एक घटक वेगळा केला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९४५ च्या सुमारास लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याची रचना उलगडली आणि ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाची धुरा आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. विल्स फॅक्टर म्हणजे हेच फोलेट, हे यथावकाश स्पष्ट झाले.

नव्या पेशी बनताना डीएनए तयार होण्यासाठी फोलेट लागते. गर्भ वाढत असताना ही गरज वाढते. ती भागली नाही, तर तांबड्या पेशी नीट विभागत नाहीत; त्या मोठ्या आणि अपक्वच राहतात. फोलेटचा दुसरा उपयोग विल्स यांच्या निधनानंतर सिद्ध झाला. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतल्यास, आधीच्या बाळात मेंदू आणि पाठीच्या कण्याचे व्यंग असलेल्या मातांमध्ये ते पुन्हा उद्भवण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत दिसले.

विल्स यांनी पुढे काय केले?

लंडनला परतल्यावर त्या रॉयल फ्री रुग्णालयात रुजू झाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी तेथील विकृतीशास्त्र विभाग सांभाळला, रक्तविज्ञान विभागाची पायाभरणी केली आणि १९४७ मध्ये निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी पोषण आणि ॲनिमियाचा अभ्यास सुरू ठेवला. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्यांनी लग्न केले नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज या संशोधनाचे महत्त्व काय?

भारतात १९७० पासून गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू आहे. २०१८ मध्ये ॲनिमियामुक्त भारत मोहीम आली. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया ॲनिमियाग्रस्त आढळल्या. गर्भवतींमध्ये हे प्रमाण ५२.२ टक्के होते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील एकूण स्त्रियांमधील प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातील ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेले. यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा आहे. विल्स यांनी अभ्यासलेला ॲनिमिया हा त्याचा एक प्रकार.

गोळी स्वस्त आहे आणि ती गावोगावी पोहोचते. पण सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणारी बाई अजूनही अनेक घरांत आहे, आणि महिनाअखेरीस पहिली काटछाट होते ती भाजी, डाळ, दुधाचीच. विल्स यांनी एक घटक शोधला, पण त्याआधी त्यांनी ती उणीव कोणत्या घरांत आणि का आहे हे पाहिले होते. गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेने ताटाचाही हिशेब ठेवला, तर परळमध्ये सुरू झालेले काम पुढे जाईल.