बेर्थाबाईंची हॅटपिन

मंडळी, कार्बुरेटरची गाडी चालवलेले किती जण आहेत आपल्यात? आमच्या पिढीतल्या बहुतेकांचे हात वर होतील. पुण्या-मुंबईत स्कूटर आडवी करून, मग किक मारून ती चालू करणारे आपण. चालली नाही की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि शेजाऱ्याने न विचारता दिलेला सल्ला ऐकायचा : जेटमध्ये कचरा आलाय! आज आपल्या मुलांना यातलं काहीच ठाऊक नाही. अमेरिकेतल्या नव्या गाड्यांतून 1990 च्या सुमारास कार्बुरेटर जवळजवळ हद्दपारच झाला.

मी 1985 साली मिशिगनला आलो तेव्हा खिशाला परवडेल अशी एक दहा वर्षं जुनी गाडी घेतली. हायवेवर ती झकास पळायची, पण सिग्नलला थांबली की हिवतापाच्या रोग्यासारखी थडथडायची आणि शेवटी बंद पडायची. मी इंजिनियर! प्लग बदलले, वायरी बदलल्या, दोन रविवार खर्चून कार्बुरेटर उघडून साफ केला. फरक शून्य. तिसऱ्या रविवारी आमची ही चहा घेऊन गॅरेजमध्ये आली, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली की कुकरची रिंग गेल्यावर वाफ जाते तसा फुसफुस आवाज येतोय. मी अर्थातच लक्ष दिलं नाही. तासाभराने त्याच जागी हात घातला, तर एक बोटभर रबरी नळी खालच्या बाजूने चिरलेली निघाली. दोन-अडीच डॉलरचं काम!

त्या दिवसापासून मला एका बाईंविषयी कुतूहल वाटू लागलं. गाडी दुरुस्तीच्या इतिहासात त्यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. त्या म्हणजे बेर्था बेन्झ. आडनाव जगाला पाठ आहे, पण त्यात बाईंचा वाटा किती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बेर्था रिंगर यांचा जन्म 3 मे 1849 रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी झाला. वडील सुतारकामातून वर आलेले, घरं बांधणारे सुखवस्तू गृहस्थ. मुलगी झाली तेव्हा घरच्या बायबलमध्ये नोंद करताना त्यांनी पुन्हा मुलगीच झाल्याची हळहळ व्यक्त केली होती, असं सांगतात. आपल्याकडचीच गोष्ट वाटते ना? मुलगी मात्र हुशार निघाली. यंत्रं कशी चालतात याची तिला लहानपणापासून आवड. पण त्या काळी मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं.

पुढे तिची कार्ल बेन्झ या तरुण इंजिनियरशी ओळख झाली. इंजिनड्रायव्हरचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, खिशात पैसा नाही, डोक्यात मात्र घोड्याशिवाय चालणारी गाडी. कार्लने मानहाइममध्ये एका भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला होता. भागीदारी बिनसली आणि सगळंच बुडायची वेळ आली. तेव्हा बेर्थाने लग्नाआधीच आपला हुंडा वडिलांकडून मागून घेतला आणि त्यातून भागीदाराला मोकळं केलं. लग्नानंतर बायकोच्या पैशांचा कारभार कायद्याने नवऱ्याकडे जाई. म्हणजे स्वतःच्या मर्जीने पैसा गुंतवायची ती तिची शेवटचीच संधी होती, आणि ती तिने जोखीम ओळखून घेतली. 20 जुलै 1872 ला त्यांचं लग्न झालं.

पुढची वर्षं ओढगस्तीची गेली. 1873 नंतरच्या मंदीत कारखाना कर्जात रुतला. घरात लहान मुलं, बाजारात पत नाही, आणि कार्ल गॅसच्या इंजिनावर रात्रंदिवस खपतोय. 31 डिसेंबर 1879 ला, वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर बेर्थानेच नवऱ्याला कारखान्यात जाऊन आणखी एकदा प्रयत्न करायला लावलं. त्या रात्री इंजिन चाललं, आणि दोघं ते बंद न करता कितीतरी वेळ ऐकत उभी राहिली.

1883 साली नव्या भागीदारांसह बेन्झ अँड कंपनी उभी राहिली. 29 जानेवारी 1886 ला तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज झाला; क्रमांक 37435. पेटंट कंपनीच्या नावावर. ज्या बाईचा हुंडा त्या गाडीच्या पायात गेला होता, तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं. त्याच वर्षी 3 जुलैला गाडी मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर फिरली. पण गिऱ्हाईक कुठे होतं? लोक बघायचे, हसायचे, घाबरायचे आणि घोडागाडीत बसून घरी जायचे. कार्ल स्वभावाने भिडस्त आणि अतिकाटेकोर. आणखी थोडी सुधारणा करू, मग बघू, हा त्याचा खाक्या. फेऱ्या होत त्या गावातल्या गावात, आणि सोबत मेकॅनिक. एवढ्याशा फेरीवरून कोण विश्वास ठेवणार?

बेर्थाबाईंनी नेमकं हेच दुखणं ओळखलं. यंत्र नादुरुस्त नव्हतं. त्यावर कुणाचा भरवसा नव्हता, खुद्द नवऱ्याचाही पुरता नव्हता.

ऑगस्ट 1888. मुलांना शाळेची सुट्टी. पहाटे कार्ल झोपलेला असताना बाईंनी पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याचा धाकटा भाऊ रिशार्ड यांना बरोबर घेतलं, गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून माहेरचा रस्ता धरला. फोर्झहाइम, सुमारे 105 किलोमीटर! नवऱ्याला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. रस्ते घोडागाडीचे, पाट्या नाहीत, पेट्रोल पंप ही चीज जगात जन्मालाच आलेली नाही.

इथे थोडं यंत्राविषयी सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. कोणतंही पेट्रोल इंजिन चार गोष्टींवर चालतं : इंधन, हवा, ठिणगी आणि दाब. पिस्टन खाली जाताना पिचकारीसारखा ओढ घेतो. त्या ओढीने हवा आत येते आणि येताना इंधन घेऊन येते. बेन्झच्या गाडीत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जाऊन त्याची वाफ उचलत असे, आणि हवेचं प्रमाण चालवणाऱ्याला हाताने जुळवावं लागे. पुढे 1893 च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने बारीक तोटीतून इंधनाचा फवारा मारणारा कार्बुरेटर केला, आणि आपल्या स्कूटरपर्यंत तीच जात चालत आली. तत्त्व मात्र एकच. ओढ नीट हवी, आणि हवा ठरलेल्या वाटेनेच आत यायला हवी.

माझ्या गाडीत काय होत होतं? सिग्नलला थांबल्यावर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे आतली पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, भरपूर असते. तब्येतीने ठीक इंजिनाला गेज लावलं तर साधारण 17 ते 21 इंच दाखवतं, आणि काटा स्थिर राहतो. नळी चिरली की तिथून चोरवाटेने हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थडथडतं. वेग घेतला की थ्रॉटलमधूनच इतकी हवा येते की चोरट्या हवेचा हिशेब किरकोळ ठरतो. म्हणून हायवेवर गाडी शहाणी! थांबल्यावर आजारी आणि पळताना बरी, हे लक्षण कळलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. अशा वेळी एकेक नळी चिमटून बघावी, किंवा रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक इंजिनभर फिरवावं, पंखा-पट्ट्यापासून हात जपून. ब्रेकचा पेडल दगडासारखा झाला असेल तर ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी आधी बघावी, आणि ती नीट होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढूच नये. सर्वात महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळं एकदम उघडलं की कशाने बरं झालं तेच कळत नाही.

आता बेर्थाबाईंकडे वळू. रस्त्यात इंजिन कुरकुरायला लागलं. इंधनाची नळी तुंबली होती. बाईंनी टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. पुढे ठिणगीची वायर घासून उघडी पडली, वीज भलतीकडेच जाऊ लागली. बाईंनी पायमोज्याचा गार्टर काढून तिच्यावर आवरण म्हणून वापरला. एकदा दोष इंधनाचा, एकदा ठिणगीचा, आणि दोन्ही वेळा इलाज अंगावरच्या वस्तूंतून!

इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन विकत घेतलं. डाग काढायला वापरतात तसलं ते द्रव्य. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंजिन थंड ठेवायला पाणी सतत लागे, कारण ते उकळून उडून जाई. मग दिसेल तिथून पाणी भरायचं. साखळीचं काम ब्रुखझालच्या लोहाराने करून दिलं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात ती हीच, असं मानतात. चढावर इंजिनाचा दम संपे आणि उतरून गाडी ढकलावी लागे.

अंधार पडता पडता तिघं धुळीने माखून फोर्झहाइमला पोचली. बाईंनी नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने ती परतली.

परत आल्यावर बाईंनी गाडीच्या तक्रारी नीट सांगितल्या : चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकला चामडं हवं. हे कार्लने ऐकलं, मानलं आणि गाडीत केलं. मला या कहाणीत सर्वात मोठं वाटतं ते हेच. सांगणारी होती, आणि ऐकणाराही होता. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. गिऱ्हाईक हळूहळू येऊ लागलं, आणि शतक संपेपर्यंत बेन्झ कंपनी मोटारींच्या जगात अग्रगण्य झाली.

पुढे कार्ल कंपनीच्या कारभारातून बाहेर पडला आणि कुटुंब लाडेनबुर्गला राहायला गेलं. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने, सगळे सोडून गेले तेव्हा बेर्थाच बरोबर राहिली, हे मोकळेपणाने कबूल केलं. 1926 मध्ये डाइमलर आणि बेन्झ या कंपन्या एक झाल्या. 1929 साली कार्ल गेला. बेर्थाबाईंनी त्यानंतर पंधरा वर्षं पाहिली, त्यांत दुसरं महायुद्ध आणि त्यात झालेली मानहाइमची राखरांगोळीही आली. 3 मे 1944 ला, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्लच्याच कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयाने त्यांना मानद सिनेटरपद दिलं. जिथे तरुणपणी त्यांना शिकता आलं नसतं, तिथलंच मानपत्र! दोनच दिवसांनी, 5 मे ला, त्या वारल्या.

त्यांच्या प्रवासाचा रस्ता 2008 पासून जर्मनीत त्यांच्या नावाने स्मारक-मार्ग म्हणून ओळखला जातो. आणि आपल्या मिशिगनमध्येच, डिअरबॉर्नच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये, कार्लचं नाव 1984 साली लागलं. बेर्थाबाईंचं 2016 साली. बत्तीस वर्षं उशिराने का होईना, लागलं!

माझी ती जुनी गाडी केव्हाच भंगारात गेली. चिरलेल्या नळीचा तुकडा मात्र अजून गॅरेजमध्ये खिळ्याला लटकवलेला आहे. हिला कुठलाही आवाज ऐकू आला, मग तो गाडीचा असो की घराचा, की मी आधी त्या तुकड्याकडे बघतो आणि हातातलं काम खाली ठेवतो. असो. यंदा दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती मुलं-नातवंडं जमली की त्यांना बेर्थाबाईंची हॅटपिन जरूर सांगा.

शुभ दीपावली!