पलटणीतले मास्तर : सुभेदार रामजीबाबा

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा बाबासाहेबांवर लेख असतोच, असायलाच पाहिजे. यंदा आम्ही त्यांच्या वडिलांवर लिहायचं ठरवलं. कारण असं, की १ जानेवारीला आपण भीमा-कोरेगावला जाऊन स्तंभाला मानवंदना देतो, रणात पडलेल्यांची नावं वाचतो. पण जो शिपाई जिवंत परत आला, पेन्शन घेऊन घरी आला, त्याला समाजानं कसं वागवलं? हे कोणी फारसं विचारत नाही. म्हणून सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

घराणं मूळचं आंबवड्याचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. वडील मालोजी पलटणीत होते, सासरे मुरबाडकर सुभेदार-मेजर. त्या काळी गावात महाराच्या पोराला शाळेची पायरी चढू देत नव्हते. पलटणीत मात्र शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं. बंदुकीपेक्षा ही पाटी मोठी, असं आमचं मत आहे. रामजीबाबा पुण्याला लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून मास्तर झाले आणि चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर राहिले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, ते आपले बाबासाहेब.

दुसऱ्याच वर्षी, १८९२ला, सरकारनं महारांची लष्कर भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी रक्त सांडलं त्यांना एका हुकुमानं बाहेर काढलं. रामजीबाबा गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांकडे जाऊन त्यांच्याकडून सरकारकडे अर्ज लिहवून घेतला. दार काही उघडलं नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१मध्ये मोडली. शेवटी बाबासाहेबांनी मागणी लावून धरली आणि ऑक्टोबर १९४१मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बापाच्या अर्जाला उत्तर मिळायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

पेन्शनीनंतर रामजीबाबा दापोलीला, मग साताऱ्याला राहिले. भीमाई तिथंच वारल्या. पुढं त्यांना खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदाराची नोकरी लागली. १९०१ साली मुलं वडिलांना भेटायला निघाली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरली, पण पोरांचं पत्र नोकरानं रामजीबाबांना दिलंच नव्हतं, त्यामुळं न्यायला कोणी नाही. जात कळली तशी गाडी मिळेना. दुप्पट भाडं दिलं आणि गाडी पोरांनीच हाकली. गाडीवाला विटाळ नको म्हणून बाजूनं चालला. शिदोरी होती, पण रात्रभर पाणी कोणी दिलं नाही. सरकारचा पैसा ज्याच्या विश्वासावर, त्या सुभेदाराची ही पोरं! आम्ही हे पहिल्यांदा वाचलं ते रातपाळीच्या सुट्टीत, डबा पुढ्यात तसाच राहिला.

नंतर मुंबईत परळला, डबक चाळीत, एक खोली. गिरणी कामगारांच्या त्या खोल्या आम्हाला काही सांगायला नकोत. त्याच खोलीत चूल, सरपण, जातं आणि शेळीसुद्धा. रामजीबाबा आधी पोराला झोपवायचे, आपण जागे राहायचे. रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण अंग टाकायचे. पेन्शन महिना पन्नास रुपये. पोरानं पुस्तक मागितलं आणि हातात पैसा नसला, की लग्न झालेल्या मुलीकडून दागिना आणून मारवाड्याकडं गहाण टाकायचे, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. कबीरपंथी माणूस, दारूला शिवले नाहीत. स्वभाव कडक होता, पोरांना धाक होता, हेही लिहिलं पाहिजे.

बाबासाहेब १९१२मध्ये बी.ए. झाले आणि पुढच्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. परतताना बाबांसाठी बर्फी घ्यावी म्हणून ते सुरतेला उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले. रामजीबाबांचा जीव त्यांच्यासाठीच अडला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

दहा वर्षांनी, १९२३ साली, लंडनला बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ छापला गेला. तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.