अ‍ॅडम स्मिथचा विस्मृत ग्रंथ

अ‍ॅडम स्मिथ म्हणजे स्वार्थाचा आणि खुल्या बाजारपेठेचा पुरस्कर्ता, हे समीकरण क्रमिक पुस्तकांनी पक्के करून टाकले आहे. 'राष्ट्रांची संपत्ती' १७७६ साली निघाला. त्याच्या सतरा वर्षे आधी याच गृहस्थाने मानवी स्वभाव व सद्गुण यांवर ग्रंथ लिहिला होता आणि आयुष्याच्या अखेरीस तो त्याकडेच परतला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

स्मिथचा जन्म १७२३ मध्ये स्कॉटलंडमधील कर्कॉडी गावचा. जकात खात्यात असलेले वडील मुलाच्या जन्मापूर्वीच वारले. स्मिथ अविवाहित राहिला. आई हेच त्याचे कुटुंब. १७५२ पासून तो ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. १७६४ मध्ये सत्र अर्धवट सोडून जाताना विद्यार्थी नको म्हणत असतानाही त्याने त्यांची फी परत केली. (अध्यापकवर्गाने याची नोंद घ्यावी!)

१७५९ च्या ग्रंथातील त्याचे प्रतिपादन असे की, दुसऱ्याच्या सुखदुःखाशी समरस होण्याची शक्ती मनुष्याच्या ठायी उपजतच असते. इतरांच्या दृष्टीने स्वतःकडे पाहता पाहता त्याच्या अंतःकरणात एक निःपक्षपाती साक्षी उभा राहतो. हा साक्षी वेदान्तातील नव्हे. तो चारचौघांत वावरूनच घडतो.

या साक्षीने खुद्द स्मिथचीही परीक्षा घेतली. १७७६ मध्ये मरणोन्मुख डेव्हिड ह्यूमने धर्मविषयक संवादांचे आपले हस्तलिखित प्रसिद्ध करण्याची कामगिरी या जिवलग मित्रावर सोपवू पाहिली. स्मिथने ती अंगावर घेतली नाही. अखेर १७७९ मध्ये ह्यूमच्या पुतण्याने पुस्तक काढले. स्मिथच्या वर्तनाला सावधपणा म्हणावे की भीरुता? भीरुता म्हणावी, तर त्याच स्मिथने ह्यूमच्या मृत्यूनंतर त्याच्या शहाणपणाची व सदाचरणाची मुक्तकंठाने प्रशंसा करणारे पत्र छापले. श्रद्धाहीन माणूसही सद्गुणी असू शकतो, हे धर्मनिष्ठांना सोसवेना. ब्रिटनच्या साऱ्या व्यापारपद्धतीवर केलेल्या प्रखर हल्ल्यापेक्षा या छोट्या पत्रापायी आपल्याला दसपट शिव्या खाव्या लागल्या, असे तो पुढे सांगे.

१७७८ मध्ये हा मुक्त व्यापाराचा समर्थक जकात आयुक्त झाला. आपल्याच कपड्यांत निषिद्ध माल निघाल्याचे पाहून त्याने तो जाळून टाकला!

१७९० मध्ये नीतिग्रंथाची सहावी आवृत्ती निघाली. खालावत्या प्रकृतीतही स्मिथने तीत सद्गुणांवर एक नवा भाग घातला. केवळ स्वतःची प्रकृती, संपत्ती आणि नाव सांभाळणाऱ्या दूरदर्शीपणाला त्याने तेथे थंड आदरापलीकडे काही दिलेले नाही. ते लिहिताना ह्यूमचे हस्तलिखित त्याच्या डोळ्यांपुढे नसेलच, असे म्हणवत नाही. धनवंतांचे कौतुक आणि दरिद्री माणसांची उपेक्षा यांमुळे समाजाची नीतिबुद्धी भ्रष्ट होते, हे प्रकरणही याच आवृत्तीतले.

१७ जुलै १७९० रोजी एडिंबरो येथे स्मिथ वारला. त्यापूर्वी काही दिवस त्याने आपली बहुतेक हस्तलिखिते मित्रांकरवी जाळवून घेतली होती. मिळकतीच्या मानाने शिल्लक फारच थोडी निघाली. तो गुप्तपणे बरेच दानधर्म करीत असे, हे लोकांना नंतर कळले.