सत्ताविसाव्या वर्षी मुळाक्षरे

ज्याला उपदेशक व्हायचे होते पण होता आले नाही, अशा एका पाळकपुत्राची ही हकीकत आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याची सूर्यफुले आपण कॅलेंडरांवर पाहिली आहेत. परंतु तो चित्र काढावयास कसा शिकला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधील झुंडर्ट या खेड्यात झाला. त्याचे वडील थिओडोरस हे डच रिफॉर्म्ड मंडळीचे पाळक होते. सोळाव्या वर्षी तो चित्रे विकणाऱ्या एका पेढीत नोकरीस लागला. १८७६ मध्ये ती नोकरी सुटली. मग त्याने इंग्लंडमध्ये मुलांना शिकविले आणि त्याच वर्षी रिचमंड येथील मेथडिस्ट मंदिरात पहिले प्रवचन केले. ईश्वरज्ञानाच्या शिक्षणासाठी आम्स्टरडॅमला ग्रीक-लॅटिनची तयारी आरंभली, पण तीही अर्ध्यावर सुटली.

१८७८ च्या अखेरीस तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात सुवार्तिक म्हणून गेला. तेथील दारिद्र्य पाहून त्याने अंगावरचे कपडे वाटून टाकले आणि स्वतः झोपडीत राहू लागला. समितीस हा अतिरेक वाटला. शिवाय त्याला नीट बोलताही येत नाही, असे तिचे मत पडले. १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. घरच्यांना तो ओझे वाटू लागला होता. यापुढे करावयाचे काय, हे त्याचे त्यालाही कळेना.

अशा स्थितीत १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरविले. धाकटा भाऊ थिओ याने पुढे त्याचा खर्च सोसला. क्वेम या गावी एका खाणकामगाराच्या घरातील लहानशा खोलीत बसून तो मुळाक्षरांपासून शिकू लागला. शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे तक्ते छापले होते. त्यांपैकी कोळशाने काढावयाच्या रेखाटनांचे साठ तक्ते होते. ते व्हिन्सेंटने पुन्हा पुन्हा उतरून काढले. समोर मूळ चित्र असते आणि बाजूस आपले. खांदा कोठे वाकला, पाय कोठे आखूड झाला, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. तेथे सबब चालत नाही. चूक दिसली की नवा कागद घ्यावयाचा, एवढाच मार्ग उरतो.

१८८१ मध्ये तो आईवडिलांकडे एटन येथे आला आणि शेतात खणणारे, पेरणारे लोक समोर ठेवून काढू लागला. त्याच वर्षाच्या शेवटी नात्यातले चित्रकार आंतोन मॉव यांनी त्याच्या हाती रंग दिले. दूरच्या आणि जवळच्या वस्तूंचे प्रमाण त्याला साधत नव्हते. तेव्हा १८८२ मध्ये त्याने हेग येथे दोरे ताणलेली एक लाकडी चौकट करवून घेतली. चौकटीतून समोरचे दृश्य पाहावयाचे, कागदावर तशाच रेषा आखावयाच्या आणि कोणती वस्तू कोणत्या दोऱ्याशी येते ते ताडून पाहावयाचे. आपल्यात काय उणे आहे ते ओळखून त्यावर नेमका उपाय करण्याची त्याची ही रीत होती.

न्यूनेन येथे १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे चेहरे एकामागून एक रंगविले. ते सुमारे चाळीस भरतील. त्या अभ्यासातून १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे' हे चित्र तयार झाले. त्याची छापील प्रत पाहून त्याचा चित्रकार मित्र आंतोन फान रापार्ड याने कठोर टीका केली. व्हिन्सेंट इतका दुखावला की त्याने ते पत्र परत पाठविले. येथे तो आपल्यासारखाच माणूस दिसतो. तरीही रेखाटनात दोष आहेत, हे त्याने नाकारले नाही; चित्रामागचा हेतू मात्र सोडला नाही. १८९० मध्ये तेच चित्र नव्याने करावे असे त्याच्या मनात आले आणि त्यासाठी त्याने रेखाटनेही केली.

त्या वर्षी तो ओव्हेर येथे होता. तोवर त्याची साडेआठशेच्या आसपास तैलचित्रे झाली होती. असे असूनही जून महिन्यात त्याने थिओकडे बार्गचे तेच जुने तक्ते मागितले आणि पुन्हा गिरवावयास घेतले. मनाच्या आजाराने तो फार दिवस पीडित होता. २७ जुलै रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलै १८९० रोजी सदतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. त्या आजाराचा न्याय करणे आपले काम नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गात एखादे मूल चित्र काढता काढता कागद चुरगाळून टाकते आणि मला येत नाही म्हणून रडू लागते. कागदावरची चूक आणि आपण स्वतः यांत त्याला भेद करता येत नाही. मोठ्यांनाही तो नेहमी करता येतो असे नाही. ज्याला समितीने नापसंत केले, त्याने पुढे दहा वर्षे रोज आपलाच कागद तपासला आणि दुसरा घेतला. तेव्हा त्या मुलाचा चुरगाळलेला कागद उलगडावा, कोणती रेषा चुकली ती त्यालाच शोधू द्यावी आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवावा.