लेखणीने उघडलेले दार

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी एके दिवशी बेसबॉलचा अटीतटीचा सामना चालला होता. बेसबॉल हा त्या देशाचा अत्यंत आवडता खेळ. आपल्या क्रिकेटप्रमाणे त्यातही एक जण चेंडू फेकतो, दुसरा लाकडी दांडक्याने तो टोलावतो आणि धावून धाव मिळवितो. त्या दिवशी चेंडू फेकण्याचे काम एका कृष्णवर्णीय युवकाकडे होते. त्याने प्रतिपक्षाला एकही धाव मिळू दिली नाही आणि त्याच्या संघाने १-० असा विजय संपादन केला.

सामना पाहण्यास एका नामांकित संघाचा पारखी आला होता. गुणी खेळाडू हेरून त्यांना आपल्या संघात घेणे हे त्याचे काम. खेळ संपताच त्याने विजयी संघातील चेंडू झेलणाऱ्या मुलाची निवड केली. आश्चर्य असे, की पराभूत संघाकडून चेंडू फेकणाऱ्या मुलाचीही त्याने निवड केली. विजयाचा शिल्पकार मात्र तसाच उभा राहिला. त्याला घेण्याची आपली इच्छा आहे, परंतु तसे करणे आपल्या हाती नाही, असे त्या पारख्याने खेदाने सांगितले. युवकाच्या खेळात काहीच उणे नव्हते. आड आला होता तो केवळ त्याच्या कातडीचा रंग. तो युवक अत्यंत कष्टी झाला. परंतु त्याच वेळी त्याने मनाशी निश्चय केला, की हा अन्याय दूर करण्यासाठी आपल्याला जे जे करता येईल ते ते करावयाचे. या युवकाचे नाव वेंडेल स्मिथ.

वेंडेलचा जन्म १९१४ साली डेट्रॉइट येथे झाला. त्याचे वडील मोटारींचे सुप्रसिद्ध कारखानदार हेन्री फोर्ड यांच्याकडे स्वयंपाकी होते. वेंडेल ज्या माध्यमिक शाळेत शिकला, तेथे तो एकटाच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. पुढे वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले. तेथे तो खेळत असेच. शिवाय महाविद्यालयाच्या वृत्तपत्रात खेळांविषयी लिहूही लागला. मैदानात ज्याला वाव मिळाला नाही, त्याच्या हाती आता लेखणी आली.

पदवी मिळताच १९३७ साली वेंडेल स्मिथ पिट्सबर्ग शहरातील ‘कूरियर’ या साप्ताहिकात नोकरीस लागले. कृष्णवर्णीयांनी चालविलेले हे पत्र देशभर वाचले जाई. वर्षभरातच क्रीडाविभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले आणि त्यांचे स्वतःचे सदर नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले.

त्या काळी अमेरिकेत पहिल्या दर्जाचे १६ व्यावसायिक बेसबॉल संघ होते. त्या संघांत सुमारे ५० वर्षांत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश मिळाला नव्हता. असा नियम कोठे लिहिलेला नव्हता. परंतु लेखी नियमापेक्षाही तो कसोशीने पाळला जात असे. कृष्णवर्णीयांना आपले वेगळे संघ काढून वेगळे सामने खेळावे लागत. गोऱ्यांच्या संघांचे मालक यावर एक ठरावीक उत्तर देत. आपली ना नाही, परंतु आपल्या गोऱ्या खेळाडूंना ते रुचणार नाही, असे ते सांगत.

स्मिथ यांनी प्रथम आपल्याच लोकांना जागे केले. १९३८ साली त्यांनी आपल्या सदरात कृष्णवर्णीय वाचकांची कानउघाडणी केली. जे संघ आपल्या बांधवांना दारात उभे करीत नाहीत, त्यांचे सामने पाहण्यासाठी आपण स्वतः होऊन पैसे का मोजावे, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल अनेकांना झोंबला असेल. परंतु वाचकांची मर्जी राखण्यासाठी लेखणी म्यान करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

मग ते मालकांच्या उत्तराकडे वळले. गोऱ्या खेळाडूंना कृष्णवर्णीय सोबती नकोत, हे खरे की खोटे? हे ठरविण्यासाठी त्यांनी वादविवाद केला नाही. ते सरळ खेळाडूंनाच विचारावयास निघाले. तथापि हे काम सोपे नव्हते. बेसबॉलविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांची एक संघटना होती. तिचे सभासद असलेल्यांनाच मैदानावरील पत्रकारकक्षात आणि खेळाडूंच्या खोल्यांत प्रवेश मिळे. ही संघटना केवळ दैनिकांचे लेखक घेई आणि कृष्णवर्णीयांची बहुतेक पत्रे साप्ताहिके होती. अशा रीतीने स्मिथ यांनाही दाराबाहेरच राहावे लागले.

परंतु त्यांनी युक्ती काढली. सामन्यांसाठी पिट्सबर्गला येणारे संघ एका ठरावीक हॉटेलात उतरत. १९३९ साली स्मिथ यांनी त्या हॉटेलात जाऊन सुमारे ४० खेळाडूंना आणि ८ संघांच्या व्यवस्थापकांना एकच प्रश्न विचारला. कृष्णवर्णीय खेळाडू तुमच्या संघात आले तर तुमची हरकत आहे काय? बहुसंख्य खेळाडूंनी हरकत नसल्याचे सांगितले. कित्येकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. स्मिथ यांनी ही सर्व उत्तरे त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी क्रमाने छापली. मालकांची सबब लटकी आहे, हे आता कागदावर सिद्ध झाले.

यानंतरही दार उघडण्यास काही वर्षे जावी लागली. १९४५ साली बॉस्टन शहरातील एक नगरसेवक इझाडोर मुचनिक यांनी तेथील ‘रेड सॉक्स’ संघाला पेचात धरले. रविवारी सामने खेळण्यास नगरसभेची संमती लागे. कृष्णवर्णीयांची परीक्षा घेणार नसाल तर आपण त्या संमतीला विरोध करू, असे त्यांनी बजावले. स्मिथ यांनी संधी साधली आणि तीन उमदे खेळाडू घेऊन ते बॉस्टनला गेले. १६ एप्रिल रोजी परीक्षा झाली. तिघांनीही उत्तम खेळ केला. त्यांची माहिती लिहून घेण्यात आली. परंतु पुढे बोलावणे काही आले नाही. या संघाने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरविला तो १९५९ साली, सोळाही संघांत सर्वांत शेवटी.

दुसरा एखादा हताश होऊन घरी परतला असता. स्मिथ परतताना वाटेत न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे थांबले आणि ‘डॉजर्स’ संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांना भेटले. त्या तिघांपैकी एकाचे नाव त्यांनी आग्रहाने सुचविले. तो खेळाडू म्हणजे जॅकी रॉबिन्सन. रिकीही अशाच माणसाच्या शोधात होते. त्यांना केवळ चांगला खेळणारा नको होता. अपमान गिळून, हात न उगारता खेळत राहील असा धीराचा पुरुष हवा होता.

आता स्मिथ यांची निराळीच कसोटी लागली. त्या काळातील सर्वांत मोठी क्रीडावार्ता त्यांच्या हाती होती. ती आधी छापली असती तर त्यांच्या नावाचा गवगवा झाला असता. परंतु विरोधकही सावध झाले असते आणि बेत फसला असता. स्मिथ यांनी मौन पाळले. रिकींशी दूरध्वनीवर बोलतानासुद्धा ते रॉबिन्सनचे नाव उच्चारीत नसत. अखेर २३ ऑक्टोबर १९४५ रोजी ती वार्ता जगाला कळली. रॉबिन्सन प्रथम डॉजर्सच्या हाताखालील मॉन्ट्रिऑलच्या संघात खेळणार होता.

१९४६ च्या वसंत ऋतूत हा संघ सरावासाठी फ्लॉरिडा राज्यात गेला. तेथे वर्णभेदाचे कायदे कडक होते. गोऱ्या खेळाडूंच्या हॉटेलात रॉबिन्सनला जागा मिळणे शक्य नव्हते. रिकींच्या विनंतीवरून स्मिथ त्याच्यासोबत राहिले. राहण्याची सोय पाहणे, मोटारीने नेणे-आणणे, उदास झालेल्या मनाला धीर देणे, अशी सर्व कामे ते करीत; आणि त्यातून वेळ काढून आपल्या पत्राला मजकूरही धाडीत. सॅनफर्ड गावी तर तेथील गोऱ्या लोकांच्या धमकीमुळे या मंडळींना तडकाफडकी गाव सोडावे लागले. पुढील वर्षीही संघाच्या प्रवासात ते रॉबिन्सनचे सोबती होते.

१५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला. ५० वर्षांहून अधिक काळ बंद असलेले दार त्या दिवशी उघडले. प्रेक्षकांच्या नजरा अर्थातच रॉबिन्सनवर खिळल्या होत्या. त्या दारावर वर्षानुवर्षे थाप देत राहिलेला माणूस कोणाच्या ध्यानात आला नसेल.

१९४८ च्या सुमारास स्मिथ शिकागोतील गोऱ्यांच्या मालकीच्या एका मोठ्या दैनिकात रुजू झाले. आता ज्या संघटनेचे दार त्यांना बंद होते, तेही उघडले. परंतु स्वतःची सोय झाली म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. कृष्णवर्णीय खेळाडू आता नामवंत झाले होते, तरी फ्लॉरिडातील सरावाच्या दिवसांत त्यांना संघातील सोबत्यांपासून दूर, वेगळ्या वस्तीत उतरावे लागे. मैदानात सारे एक आणि जेवणाच्या वेळी दोन! १९६१ सालच्या जानेवारीत स्मिथ यांनी या अन्यायाविरुद्ध लेखमाला सुरू केली. याही वेळी त्यांनी आरडाओरड केली नाही. कोणता खेळाडू कोठे राहतो, त्याला काय सोसावे लागते, हे ते एकामागून एक मांडीत गेले. शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’ संघाने सर्व खेळाडूंना एकत्र राहता यावे म्हणून सॅरासोटा येथे एक हॉटेलच विकत घेतले. काही वर्षांतच इतर संघांतूनही ही अनिष्ट चाल नाहीशी झाली. पुढे स्मिथ दूरचित्रवाणीवर खेळांच्या बातम्या देऊ लागले; मात्र लिहिणे त्यांनी सोडले नाही.

१९७२ च्या ऑक्टोबर महिन्यात जॅकी रॉबिन्सन निवर्तला. स्मिथ स्वतः दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले होते. मित्राच्या अंत्यविधीस जाणे त्यांना शक्य झाले नाही. तरीही त्यांनी त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. तेच त्यांचे अखेरचे लेखन ठरले. २६ नोव्हेंबर १९७२ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

ज्या संघटनेने त्यांना एके काळी सभासद करून घेतले नाही, तिनेच १९९३ साली बेसबॉल-लेखनाच्या आपल्या सर्वोच्च पुरस्कारासाठी त्यांची मरणोत्तर निवड केली. हा बहुमान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक होत.

पहिल्या दर्जाच्या एकाही सामन्यात वेंडेल स्मिथ खेळले नाहीत. तरुणपणी झालेल्या अपमानाचा सूड घेण्यात त्यांनी आयुष्य घालविले नाही. तो अपमान पुढच्या मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून ते झटले. पुढे पुढे कृष्णवर्णीय मुले सामना जिंकून पारख्यासमोर उभी राहू लागली, तेव्हा त्यांना खाली मान घालून परतावे लागले नाही. स्मिथ यांनी ३५ वर्षे चालविलेल्या लेखणीचे हेच खरे फळ होय.